कोंडवाडा की मेंढवाडा?





पुनरुत्थान काळातील चौथा रविवार हा उत्तम मेंढपाळाचा रविवार. पोप सहावे पॉल यांच्या इच्छेनुसार १९६४ सालापासून हाच रविवार दैवी पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन म्हणूनही पाळला जातो. योहानच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय या दिवशी तीन वर्षांत तीन भागांत वाचला जातो. मेंढरे, मेंढपाळ, चोर, मजूर, दार आणि वाडा ही सगळी चित्रे आपल्याला पाठ झाली आहेत. पाठ झालेल्या गोष्टीचा एक तोटा असतो. आपण ती ऐकतो, पण ती आपल्याशी बोलायची थांबते.

आम्हालाही तसेच झाले होते. आमची झोप मोडली ती रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने. इंग्रजी माध्यमात शिकणारा सहावीतला मुलगा. त्याने विचारले, "फादर, 'फोल्ड' म्हणजे घडी ना? मग इंग्रजी मिस्साच्या वाचनात मेंढरांची घडी कशी काय घालतात?" सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर शब्दकोश उघडला आणि त्या एका शब्दाने आम्हाला जुन्या पापापर्यंत नेऊन सोडले. तीच गोष्ट आज आपल्यासमोर ठेवत आहोत.

घडी नव्हे, वाडा

इंग्रजीत 'फोल्ड' हे दोन वेगळे शब्द आहेत. कापडाची घडी घालणारा 'फोल्ड' निराळा आणि मेंढरांचा वाडा सांगणारा 'फोल्ड' निराळा. उच्चार एक, लिहिणे एक, पण मुळे वेगळी. मेंढवाड्याचा 'फोल्ड' जुन्या इंग्रजीतील 'फाल्ड' या शब्दापासून आला. त्याचा भाऊबंद शब्द डच भाषेत आजही आहे आणि तिथे त्याचा अर्थ शेणखताचा ढीग, म्हणजे उकिरडा, असा होतो. एका भाषेत मेंढवाडा आणि शेजारच्या भाषेत उकिरडा! आरंभी आम्हाला हे विचित्र वाटले. मग लक्षात आले की शहरात राहून आपण विसरलो, आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला यात काहीच विचित्र वाटणार नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सिन्नर, येवला, नांदगावच्या बाजूला, पिके निघून रान मोकळे झाले की शेतकरी धनगर बांधवांना मेंढरे बसवायला बोलावतो. दिवसभर मेंढरे चरतात आणि रात्री त्या शेतात बसतात. जाळीची वाघर लावून त्यांचा वाडा केला जातो. कडेला धनगराचे बिऱ्हाड, घोडे, कुत्री. रात्रभरात मेंढरांच्या लेंड्या-मुताने जमीन खतावते. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो किंवा पैसे देतो. चार-दोन रात्रींनी वाघर उचलतात आणि वाडा पुढच्या शेतात जातो. तेव्हा मेंढवाडा आणि खत हे दोन अर्थ एकाच घरात नांदावेत यात नवल काय?

या वाड्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. पहिली, हा वाडा रात्रीपुरता असतो. लांडग्यापासून आणि चोरापासून राखण व्हावी म्हणून मेंढरे आत घेतात. उजाडले की ती बाहेर काढायचीच असतात. दिवसभर आत ठेवलेली मेंढरे सुरक्षित राहतील, पण उपाशी मरतील. दुसरी गोष्ट, ज्या जमिनीवर हा वाडा बसतो ती जमीन वाडा उठल्यावर अधिक सुपीक झालेली असते. वाड्याचा लाभ आतल्यांना होतो तसा ज्याच्या रानात तो बसला त्यालाही होतो.

प्रभू येशूच्या दृष्टान्तात नेमके हेच आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि त्यांना बाहेर नेतो, असे तो म्हणतो. आपण दाराविषयी बोलतो तेव्हा सहसा आत येण्याचाच विचार करतो. प्रभू मात्र आत येणे आणि बाहेर जाणे दोन्ही सांगतो आणि शेवटी हिरवे कुरण सांगतो. पॅलेस्टाईनच्या रानातील अशा वाड्याला फळीचे दार नसे, मेंढपाळ स्वतःच त्या मोकळ्या जागेत आडवा होत असे, असे अनेक भाष्यकार सांगतात. आपण दार आहोत असे प्रभू म्हणतो त्याचा अर्थ त्यामुळे सोपा होतो. हे दार म्हणजे जिवंत माणूस आहे. लांडग्याला त्याच्या अंगावरून जावे लागेल आणि मेंढराला त्याच्या ओळखीने.

दुसरा वाडा

इंग्रजीत जनावरांच्या वाड्याला आणखी एक रोजचा शब्द आहे, 'पाउंड'. वजनाचा आणि चलनाचा पाउंड वेगळा, तो लॅटिनमधून आला. जनावरांचा 'पाउंड' जुन्या इंग्रजीतला असून त्याचा अर्थ बंदिस्त जागा. पाण्याच्या तळ्याला 'पाँड' म्हणतात तो याच शब्दाचा दुसरा उच्चार, म्हणजे बांध घालून कोंडलेले पाणी. 'फोल्ड' आणि 'पाउंड' हे दोन्ही वाडेच, पण दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'पाउंड' म्हणजे आपला कोंडवाडा.

कोंडवाडा आपल्यातील वडीलधाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर पकडून कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड व वैरणीचा खर्च भरला की सोडायचे, अशी त्याची रीत. दंडाचा तक्ताही ठरलेला होता. हत्तीला दोन रुपये आणि शेळी-मेंढीला एक आणा! सात दिवसांत कोणी मालक पुढे आला नाही तर पोलीस ठाण्यात कळवायचे, नोटीस काढायची आणि तरीही कोणी आले नाही तर लिलाव करायचा. पुढे गावोगावी ग्रामपंचायतींनी कोंडवाडे सांभाळले.

कोंडवाड्याला आम्ही नावे ठेवत नाही. ज्याचे उभे पीक खाल्ले गेले त्या गरीब शेतकऱ्याला न्याय हवाच. पण कोंडवाड्याचा रखवालदार आणि मेंढपाळ यांच्यातला फरक पाहा. रखवालदाराला जनावराचे नाव ठाऊक नसते, त्याच्याकडे जनावराचा नंबर आणि बाकी असते. मेंढपाळ हाक मारतो, रखवालदार पावती फाडतो. मेंढवाड्याचे दार सकाळ झाली की उघडते, कोंडवाड्याचे दार पैसे भरले की उघडते. एक राखण्यासाठी आहे आणि दुसरा अडवून ठेवण्यासाठी. दुरून पाहणाऱ्याला मात्र दोन्हीकडे कुंपण आणि आत जनावरे एवढेच दिसते.

मराठी कवी दया पवार यांनी १९७४ साली आलेल्या आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हेच नाव दिले होते. माणसांच्या एका समूहाला पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला त्यांनी हा शब्द लावला. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांच्या आज्या-पणज्यांनी तो कोंडवाडा अंगावर सोसला आहे. त्यांनी ख्रिस्ताच्या हाकेला ओ दिली तेव्हा ही हाक मेंढपाळाची आहे, रखवालदाराची नाही, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री आपण खरी ठरवली का, हा आजचा प्रश्न आहे.

एक पावती

बंधुभगिनींनो, आता आमची चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका ग्रामीण धर्मग्रामात होतो. एके दिवशी एक मजूर गृहस्थ कार्यालयात आले. मुलीचे लग्न ठरले होते, तिच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. आम्ही वर्गणीचे पुस्तक काढले. चार वर्षांची बाकी होती, महिना पन्नास रुपयांप्रमाणे दोन हजार चारशे. आम्ही तरुण होतो, शिस्तीचे होतो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून आलो होतो. नियम सर्वांना सारखा असला पाहिजे हे आम्हाला तर्काने सिद्ध करता येत होते. आम्ही म्हणालो, "आधी बाकी भरा, मग दाखला." ते काही बोलले नाहीत. "बरं, फादर," एवढेच म्हणून गेले.

आठ दिवसांनी ते पैसे घेऊन आले. आम्ही पावती दिली, दाखला दिला, शिक्का मारला. लग्नाची मिस्साही आम्हीच अर्पण केली. त्यानंतर मात्र ते गृहस्थ चर्चमध्ये दिसेनात. नाताळ गेला, उपवासकाळ गेला, ईस्टर गेला. शेवटी आमचे मास्तर म्हणाले, "फादर, त्यांनी दोन शेळ्या विकून पैसे आणले होते. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, चहा केला. आदरात कुठेही कमी नव्हती. चहा पिऊन झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "फादर, मागं एकदा आमची म्हैस पंचायतीनं कोंडली व्हती. दंड भरला, पावती घेतली, म्हैस सोडवून आणली. पोरीचा दाखला घेऊन घरी येताना मला त्या दिवसाची याद आली, बघा. दुसरं काय न्हाय."

दुसरे काय नाही! आम्ही तिथे काय बोललो ते आता आठवत नाही. क्षमा मागितली एवढे आठवते. त्यांनी हात जोडले. ते पुन्हा चर्चमध्ये आले, असे सांगून आम्हाला ही गोष्ट गोड करता आली असती. पण आमची बदली होईपर्यंत ते आले नव्हते. त्यांच्या पत्नी येत आणि शेवटच्या बाकावर बसत.

आम्ही अनेकदा स्वतःशी वाद घातला आहे. आम्ही पैसे स्वतःसाठी घेतले नव्हते, नियमही आम्ही केला नव्हता. सगळे खरे. पण त्या माणसाने एका वाक्यात सांगितले की त्याला चर्चच्या दारात कोण भेटले. मेंढपाळ भेटला नाही, रखवालदार भेटला. आणि अडवून ठेवले ते काय, तर त्याच्या लेकराच्या स्नानसंस्काराची नोंद!

सीरियामध्ये युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस नावाचे प्राचीन गाव उत्खननात सापडले. तिथे तिसऱ्या शतकातले ख्रिस्ती उपासनागृह होते. त्यातील स्नानसंस्काराच्या कुंडामागच्या भिंतीवर चित्र काढलेले होते. कशाचे? खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचे. ज्या पाण्यातून आपण प्रभूचे झालो त्या पाण्याजवळ पहिल्या ख्रिस्ती लोकांनी मेंढपाळाला उभे केले. आम्ही तिथे वर्गणीचे पुस्तक ठेवले.

एका शब्दाची चूक

त्या मुलाच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. वाड्यात नसलेली आणखी मेंढरे आपली आहेत, त्यांनाही आपण आणले पाहिजे, असे प्रभू म्हणतो. ती त्याची वाणी ऐकतील आणि मग सर्वांचे एक काय होईल? मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या वाक्यात 'आउले', म्हणजे वाडा, अंगण. दुसऱ्या वाक्यात 'पोइम्ने', म्हणजे कळप. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात मात्र दोन्ही ठिकाणी 'ओविले' म्हणजे मेंढवाडा हाच शब्द आला. इंग्रजीत विल्यम टिंडल यांनी १५२६ साली ग्रीकवरून भाषांतर करताना कळप असे बरोबर लिहिले होते, पण १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये पुन्हा 'फोल्ड' आला. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या नव्या लॅटिन बायबलमध्ये ही चूक दुरुस्त झाली आणि तिथे आता कळप असाच शब्द आहे. आपल्या मराठी बायबलमध्येही कळपच आहे.

एका शब्दाने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. वाड्याची एकी कुंपणाने होते, कळपाची एकी मेंढपाळाच्या आवाजाने होते. वाड्यात कोण आहे हे कुंपण पाहून सांगता येते. कळपात कोण आहे हे आवाज ऐकून कोण मागे चालते त्यावरून ठरते. प्रभूने कुंपण वाढवण्याचे नव्हे, मेंढरे आणण्याचे वचन दिले. याचा अर्थ वाडा नको असा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेला मेंढवाडाच म्हटले आहे आणि ख्रिस्त हे त्याचे एकमेव दार आहे असे सांगितले आहे. वाडा हवाच. पण वाडा कळपासाठी असतो, कळप वाड्यासाठी नसतो.

आपल्या भाषेतही वाड्यातून माणसांकडे जाणारे शब्द आहेत. गुरांचा गोठा म्हणजे संस्कृतातील 'गोष्ठ'. त्यावरून 'गोष्ठी', म्हणजे एकत्र बसून केलेले बोलणे, आणि त्यावरून आपली 'गोष्ट'. गोठ्याभोवती माणसे जमली, बोलू लागली आणि गोष्ट जन्मली. 'गोत्र' या शब्दाचाही मूळ अर्थ गाईंचा गोठाच. पण तो शब्द दुसऱ्या वाटेने गेला आणि कोण आपला, कोण परका, कोणाशी सोयरीक करायची आणि कोणाशी नाही, हे ठरवू लागला. एकाच गोठ्यातून निघालेल्या दोन वाटा! आपले धर्मग्राम गोष्टीच्या वाटेने जाते की गोत्राच्या? मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कोण कोणाच्या घोळक्यात उभा राहतो ते पाहिले की उत्तर कळते. मराठी एका बाजूला, मल्याळी, तमिळ, कोंकणी दुसऱ्या बाजूला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेला नवा मुलगा मोबाईल पाहत एकटाच उभा.

शरणपूर

शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो. त्या नावाचा विचार किती जण करतात? १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्रॉटेस्टंट बांधवांनी नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचे गाव म्हणून शरणपूर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुले इथे आणली जात. ज्यांना जनावरांसारखे कोंडून समुद्रावरून विकायला नेले जात होते, ती मुले आपल्या नाशिकमध्ये लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली.

त्यांतील एक जेकब वेनराइट. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्यांचा देह महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. त्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. वेनराइट त्या देहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेले आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंगस्टन यांना पुरले तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत ते होते. एके काळी कोंडून नेलेले लेकरू, आणि त्याने दुसऱ्याला सन्मानाने घरी पोचवले! वाड्यात नसलेली मेंढरे आपलीच आहेत असे प्रभू म्हणतो ते अशा वेळी उमगते. कोंडवाड्यातून सुटलेल्याला शरण देणारा वाडा आपल्याच शहरात होता. तो आपल्या संप्रदायाचा नव्हता, म्हणून त्याचा अभिमान बाळगायला आपण कचरू नये.

मुख्य याजकाचे अंगण

योहानने आणखी एक खूण ठेवली आहे. दहाव्या अध्यायात मेंढवाड्यासाठी आलेला 'आउले' हा शब्द अठराव्या अध्यायात पुन्हा येतो. कुठे? प्रभूला बांधून नेले त्या मुख्य याजकाच्या अंगणासाठी. तिथेही दार आहे, तिथेही दारावर राखण करणारी आहे आणि दाराबाहेर पेत्र उभा आहे. उत्तम मेंढपाळच कोंडवाड्यात सापडला आणि त्याचे सोडवणूक-मूल्य कोणी भरले नाही. पेत्र आत गेला, शेकोटीपाशी ऊब घेत उभा राहिला आणि आपण त्याचे नाही असे सांगत राहिला.

बंधुभगिनींनो, वाड्याच्या आत उबेला उभे राहूनही प्रभूला नाकारता येते, हे आम्हा धर्मगुरूंना विशेष लागू आहे. पण त्याच पेत्राला पुनरुत्थित प्रभूने समुद्रकिनारी दुसऱ्या शेकोटीपाशी बोलावले. त्याने मागची बाकी काढली नाही. प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारले आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे त्याच्या हाती दिली. त्याच आशेवर आम्हीही आज आपल्यापुढे उभे आहोत.

मग वर्गणीचे काय?

हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक आहे. चर्चचे वीजबिल, सेवकाचा पगार, छपराची डागडुजी हे सारे आकाशातून येत नाही. कॅनन लॉच्या २२२ व्या कलमानुसार ख्रिस्तसभेच्या गरजा भागवणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. जो देऊ शकतो आणि देत नाही तो आपला भार शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकतो. हे आम्ही स्पष्ट सांगतो आणि सांगत राहू.

पण त्याच ग्रंथाचे ८४८ वे कलमही आहे. गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये याची काळजी सेवकाने सदैव घ्यावी, असे ते सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आपल्या प्रबोधनपत्रात ख्रिस्तसभा हा टोलनाका नव्हे, ते पित्याचे घर आहे, असे बजावले होते. वर्गणी हे कर्तव्य आहे, किल्ली नव्हे. घरातला मुलगा कमावता झाल्यावर घरखर्चाला हातभार लावतो, पण दारात उभा राहून आधी पैसे मोज असे त्याला आई म्हणत नाही.

म्हणून धर्मग्राम समितीशी बोलून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, स्नानसंस्कार, विवाह किंवा अंत्यविधी यांचा दाखला देताना वर्गणीचे पुस्तक उघडले जाणार नाही. दाखल्यांसाठी बुधवार आणि शनिवार, वर्गणीसाठी रविवार. दोन कामे दोन वेगळ्या दिवशी.

दुसरी, ज्यांची मागील बाकी आहे आणि ज्यांना ती खरोखर जड आहे, त्यांनी आम्हाला एकट्याला येऊन सांगावे. कारण विचारले जाणार नाही आणि नाव कोणाला कळणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका गरीब कुटुंबाचा वाटा उचलावा. कोणाचा उचलला हे त्यांनाही कळणार नाही.

तिसरी, गेल्या काही वर्षांत कार्यालयात आमच्याकडून किंवा आमच्या आधी कोणाकडून असे काही झाले असेल आणि त्यामुळे कोणी घरी बसले असेल, तर त्यांच्या घरी जायला आम्ही तयार आहोत. त्यांनी येण्याची वाट पाहणार नाही. मेंढरू चालत वाड्याकडे येईल असे प्रभूने कुठेही सांगितलेले नाही. मेंढपाळ शोधायला जातो, असे सांगितले आहे. आपल्या विभागातील अशी घरे आपल्याला ठाऊक आहेत. नाव सांगा. शक्य असेल तर आमच्याबरोबर चला, कारण कदाचित ते घर आमच्याशी बोलणार नाही, तुमच्याशी बोलेल.

या आठवड्यासाठी

कुटुंबाने एकत्र बसून योहानच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय संपूर्ण वाचावा. वाचून झाल्यावर एकमेकांना दोन प्रश्न विचारावेत. आपल्या घराच्या दारात येणाऱ्याला मेंढपाळ भेटतो की रखवालदार? आणि आपण कोणाची जुनी बाकी मनात लिहून ठेवली आहे, जी फिटल्याशिवाय त्याला आत घ्यायचे नाही असे ठरवले आहे? भाऊबंदकीत, जमिनीच्या वादात, मुलीने मनाविरुद्ध केलेल्या लग्नात आपण सर्वांनी एकेक छोटा कोंडवाडा बांधलेला असतो. त्याची किल्ली आपल्याच कमरेला असते.

पुढच्या रविवारी आम्ही त्या सहावीतल्या मुलाला उत्तर देणार आहोत. मेंढरांची घडी घालत नाहीत, बाळा. रात्री त्यांना जवळ घेतात आणि सकाळी नावाने हाक मारून बाहेर नेतात.

हे उत्तम मेंढपाळा, आम्ही तुझ्या दारात रखवालदार होऊन बसलो, आम्हाला क्षमा कर. ज्यांना आम्ही अडवले त्यांना तुझा आवाज पुन्हा ऐकू येऊ दे. आमच्या धर्मग्रामातून तुझ्या कळपासाठी चांगले मेंढपाळ घडव. आमचे कुंपण राखणीसाठी असू दे, अडवणुकीसाठी नको. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू